गोदामाच्या खिडकीतल्या अकरा माश्या

मी माश्यांवर काम करते म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "ह्याचा पगार मिळतो?" पगार मिळतो तो कणकवलीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्याचा. माश्या हे माझं स्वतःचं खूळ. त्याही घरातल्या किंवा उकिरड्यावरच्या नव्हेत. खाडीच्या चिखलावर, खारट पाण्याच्या डबक्याकाठी तांदळाच्या कणीएवढ्या काळपट माश्या बसलेल्या असतात. चालत गेलात की पायाशी राखाडी धूर उठल्यासारखा होतो आणि दोन हात पुढे जाऊन पुन्हा खाली बसतो. त्या माझ्या. मराठीत त्यांना नाव नाही, म्हणून मी किनारमाशी म्हणते. कुणाला चावत नाहीत, कुणाच्या ताटावर बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नसतं.

त्यांची ओळख पटवणं म्हणजे डोळे फोडून घ्यायचं काम. नुसत्या डोळ्याला सगळ्या सारख्या. आम्हा लोकांकडे त्यासाठी ओळखसूची असते. तिच्यात वाक्यं जोडीने येतात. कपाळावरचे केस आत वळलेले की बाहेर? चेहरा फुगीर की सपाट? दोन्हीतलं एकच खरं असणार. ते धरायचं, ते पाठवील त्या जोडीकडे जायचं, आणि असं करत करत शेवटी एका नावाशी पोचायचं. तिथेही भरवसा नाही. मग नराच्या पोटाचं टोक कापून पोटॅशच्या पाण्यात कढवायचं आणि उरलेला तपकिरी सांगाडा ग्लिसरिनच्या थेंबात फिरवून फिरवून बघायचा. माझे सर म्हणायचे, माशीचं तोंड खोटं बोलेल, बूड बोलणार नाही. हे वाक्य वर्गात सभ्य भाषेत कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.

माझं माहेर बांद्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. समुद्राचा वारासुद्धा तिथे पोचत नाही. भात, काजू, चार आंबे, एवढंच गावाचं उत्पन्न. वडील गेल्यावर दादाने काजूचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक बॉयलर, बी फोडायची हातयंत्रं आणि मागे गोदाम. सुरू करायच्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं. गावची बी गावातच फुटू दे, इथल्या बायकांना इथेच काम मिळू दे, असं गावकर देवाला सांगत होते आणि आम्ही सगळे "होय महाराजा" म्हणत होतो. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. दादाचा मला तेवढा अभिमान होता, काय करू.

त्याच सुमारास रबराची लागवड करणारे लोक बाहेरून येऊन डोंगर लांबच्या कराराने मागत होते. काजू तोडायचे, रबर लावायचं. गावातल्या बायका निम्म्या तयार झाल्या होत्या, कारण काजूची बी घेऊन दरवर्षी कुणाच्या तरी दारात उभं राहायचा त्यांना कंटाळा आला होता. मी घरोघर फिरले. शिकलेली, नोकरीवाली, माझं ऐकतील म्हणून दादानेच पाठवलं. "रबरवाल्यांका डोंगर देव नकात. दादा आसा, तुमची एक बी परत जावची नाय," असं मी प्रत्येक पडवीत बसून सांगितलं. शेजारच्या काकीला तर दोनदा सांगितलं. ही माझी सख्खी काकी नव्हे, पण आई गेल्यावर माझं बाळंतपण तिने केलं, तेव्हा सख्खी कोण आणि चुलत कोण. तिचे यजमान गेलेले, लेक लग्न करून गोव्याला. तिच्या हातात होता तो एक काजूचा डोंगर. तिने तो माझ्या शब्दावर ठेवला.

पुढे दादाने पाकिटं छापली, त्यावरचा मजकूरही मीच लिहून दिला. "आमच्याच डोंगरावरची बी, आमच्याच बायकांच्या हातची फोड," असं काहीतरी छान छान होतं ते.

एका वर्षी जत्रेला माहेरी गेले होते. आम्हा माश्यावाल्यांना एक खोड असते. परक्या घरात गेलो की आधी खिडकीचा कट्टा बघायचा. आत शिरलेली माशी उजेडाकडे झेपावते, काचेवर आपटत राहते आणि तिथेच मरून पडते. फुकटातला सापळा. लग्नघरात मी खिडकीशी ब्रश घेऊन उभी राहिलेली आहे आणि माझ्या सासूबाईंनी ते पाहिलेलं आहे. तर त्या दुपारी दादाच्या गोदामाची एकुलती एक खिडकी दिसली आणि मी कट्ट्यावरचा सगळा केर कागदावर लोटून डबीत भरला. दादा दारात उभा होता. "काय गो बाय, केर घेवन चललंस? आमचा गोदाम साफ केलंस, बरा केलंस," म्हणाला. दोघंही हसलो.

कणकवलीला आल्यावर डबी उघडली तर त्यात अकरा किनारमाश्या. मी चक्रावले. खारट चिखलावरची माशी समुद्रापासून इतक्या आत? मग मीच माझी समजूत घातली. ह्या कुळातल्या काही माश्या भाताच्या चिखलातही होतात. शेतातून आली असेल, उजेडाला लागली असेल. हीच माझी चूक, आणि ही चूक फक्त आमच्यासारखाच माणूस करू शकतो. दुसरा कुणीही म्हणाला असता, केरात मेलेली माशी कुठूनही आलेली असेल. मी मात्र ठरवून बसले की खिडकीत मेलेली माशी म्हणजे स्वतःच्या पंखांनी आलेली माशी.

ओळखसूचीत बसेना. आपल्याकडची जी सूची होती तिच्यात मी तीनदा एकाच जोडीशी अडकले. चेहऱ्यावरची चकाकी हिरवट तांबूस, तोंडाचं भोक हे एवढं मोठं, पायांच्या शेवटच्या पेरांचा रंग भलताच. शेवटी एका नराचं टोक कढवलं, चित्र काढलं आणि सरांना पाठवलं. सर निवृत्त होऊन दूरच्या शहरात असतात. त्यांनी आफ्रिकेतल्या माश्यांवरच्या जुन्या लेखातली चित्रं पाठवली. माझं चित्र आणि त्यातलं एक चित्र शेजारी ठेवलं. तीच वळणं, तोच मधला काटा, टोकाशी तीच खाच. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या खाजणात, खाऱ्या दलदलीत, राहणारी माशी. आपल्या देशात कुणालाच न सापडलेली, आणि सापडली ती माझ्या माहेरी. मी घरात एकटी होते, तरी उठून उभी राहिले.

सरांनी फोनवर एकच विचारलं, "जिवंत पाहिलीस का?"

"नाही सर."

"मग आधी जिवंत बघ. खिडकीतल्या मढ्यावर नोंद करू नकोस."

त्यानंतरचं वर्षभर मी ती माशी शोधत होते. प्रत्येक रविवारी पहिली एसटी पकडून मालवणकडे. तारकर्लीच्या खाडीकाठी गुडघाभर चिखलात, हातात जाळं. पर्यटक विचारायचे, कोळंबी मिळते का. एका लॉजवाल्याने तर पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं की बाई सरकारी आहेत, पाणी तपासतात. किनारमाश्या खंडीभर मिळाल्या, सगळ्या आपल्याच. संध्याकाळी पाय धुताना वाटायचं, पुढच्या रविवारी नक्की. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो माझ्या बाबतीत शब्दशः चालला होता, फक्त काखेत काय आहे ते मला माहीत नव्हतं.

मधे मे महिन्यात चार दिवस माहेरी गेले. काकी मला मागच्या दारी घेऊन गेली. म्हणाली, "बाय, तुज्या दादान औंदा माज्यो दोनच गोणी घेतल्यान. बाकीची बी घरात पडलीहा. रबरवालो परत येवन गेलो. काय करू सांग."

मी सकाळीच दादाला धंद्याचं विचारलं होतं. तो म्हणाला होता, बाजार पडलाय, मालाला उठाव नाही, स्वतःचं पोट कसंबसं भरतंय. तेच मी काकीला ऐकवलं. "बाजार पडलो आसा काकी, दादा तरी काय करतलो? एक वरस धीर धर. डोंगर देव नको."

काकीने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग "बरा," एवढंच म्हणाली. मी तिच्या न्हाणीमागच्या ओलीवर माश्या आहेत का ते बघायला गेले.

वर्ष संपत आलं तरी माशी सापडेना. सर म्हणाले, "त्या डबीतला बाकीचा केर ठेवलायस ना? तो नीट निवड. पाय, पंख, कोष, जे असेल ते." निवडायला घेतला. कोळ्याचं जाळं, काजूच्या टरफलाचा भुगा, मुंग्यांची डोकी. आणि मग एक कोष. ह्या माशीची अळी कोषात जायच्या आधी शेपटाकडच्या पायांनी गवताच्या काडीला गच्च धरून बसते, म्हणजे लाट आली तरी वाहून जाणार नाही. कोष झाला तरी ती पकड सुटत नाही. माझ्या कोषानेही एक सोनेरी काडी धरलेली होती. मला आनंद झाला म्हणजे किती. कोष म्हणजे माशी इथेच वाढते आहे, नोंद पक्की. कुठलं गवत ते बघायला भिंगाची ताकद वाढवली.

ते गवत नव्हतं. पीळ घातलेला तागाचा धागा होता, आणि त्याला निळा रंग लागलेला होता. गोणपाटावर अक्षरं छापतात तो निळा.

मी खुर्चीत टेकून बसले. अळीने तागाच्या धाग्याला मिठी मारली, म्हणजे ते गोणपाट खारट पाण्याच्या काठी, त्या माशीच्या गावी, ओलं होऊन पडलं होतं. आणि खिडकीत त्या माश्या उडून आल्याच नव्हत्या. गोण्या कुणीतरी खिडकीशी झटकल्या होत्या. मग एकेक आठवायला लागलं. मी गेले ती जत्रेच्या दिवसांत, मार्गशीर्षात. आपला काजू तेव्हा मोहरतही नीट नाही, बी तर फाल्गुनाच्या आधी हाताला लागत नाही, आणि दादाचं गोदाम छपरापर्यंत भरलेलं होतं. मी विचारलं नव्हतं. माशीच्या पायावरचे केस मोजणाऱ्या बाईला समोरची गोण दिसली नाही.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेले. दादा बॉयलरपाशी होता. मी सरळ गोदामात शिरले. गोण्या स्वच्छ, कोऱ्या, वर एक अक्षर नाही. एकीच्या कोपऱ्याची शिवण उसवून तो उलटा केला. आतल्या बाजूला निळ्या ठळक अक्षरात आफ्रिकेतल्या एका देशाचं नाव. दुसरी उलटली, तिच्यावरही तेच. सगळ्या गोण्या आतली बाजू बाहेर करून पुन्हा भरलेल्या आणि शिवलेल्या. एवढी मेहनत कुणी उगाच करत नाही.

दादा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाय, तू माशी बघूक इल्लंस ना? मगे माशी बघ."

"दादा, ही बी खंयची?"

"बियेक काय गाव आसता? फोडली की गर सारखोच."

"पाकिटार काय लिवलेला आसा?"

"ता तू लिवलंस," तो म्हणाला. अगदी शांतपणे. मग मला समजावू लागला, मी लहान असताना समजवायचा त्याच आवाजात. गावची बी थोडी थोडी येते, ओली येते, लहानमोठी येते. बाहेरची एका ट्रकात, सुकी, एकसारखी. बाहेरची बी आणणं काही गुन्हा नाही, सगळेच आणतात. मी म्हटलं, आण की, कोण नको म्हणतं, पण मग पाकिटावर गावाचं नाव कशाला आणि काकीला बाजार पडल्याचं कशाला सांगितलंस? आणि मला? मला का नाही सांगितलंस?

"तुका सांगला आसता तर तू ता लिवला असतंस काय?"

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता.  ज्याने मला सायकल शिकवली, फी भरायला स्वतःचं शिक्षण सोडलं, त्याच माणसाने माझा केसाने गळा कापला आणि वर मलाच विचारत होता, तू मान दिली असतीस काय. एक गोण उचलून त्याच्या अंगावर टाकावी असं वाटलं. उचलली नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ. मी फक्त म्हटलं, पाकिटावरचा माझा मजकूर आजच्या आज काढ. तो म्हणाला, छापून झालीत, संपली की बघू. आणि बॉयलरकडे वळला.

सरांना तिथूनच फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "नोंद करायचं सोडून दे. पण माशी तू बरोबर ओळखलीस, हे विसरू नकोस." त्यांचा हेतू चांगला होता. मला मात्र ते ऐकवलं नाही.

फोन ठेवला आणि पहिल्यांदा काकी आठवली. अजून वेळ होता. बाजार पडलेला नाही, बी कणकवलीला नेऊन दुसऱ्याला देता येईल, मी स्वतः गाडी करीन, फक्त डोंगर द्यायचा नाही. मी जवळजवळ धावतच गेले. ती दारापुढच्या खळ्यात बसून हाताला तेल लावत होती. काजूचा चीक लागू नये म्हणून शेडवर जाताना बायका लावतात तसं. मी धापा टाकत सगळं सांगितलं. गोण्या, निळी अक्षरं, दादा, सगळं.

तिचं तेल लावणं थांबलं नाही. म्हणाली, "माका ठावक आसा गो. मीच फोडतंय ती बी. दोन वरसां झाली."

"तू? आणि माका सांगलंस नाय?"

"तुका काय सांगूचा?" आता तिने वर बघितलं. "आमी सगळ्यो बायको दादाक इचारूक गेल्लंव. तो म्हणालो, बायेक सगळा ठावक आसा, पाकिटार तिनाच लिवलान. तिका परत परत इचारून लाज आणू नकात, म्हणालो. बाकीच्यांक पटला. माका पटला नाय. म्हणान मे म्हयन्यात तुका मागल्या दारी नेलंय. म्हटला, माज्या तोंडार ही खोटा बोलूची नाय. तू म्हणालंस, बाजार पडलो."

मी तिथेच खळ्यात बसले. मला माहीत नव्हतं, काकी, आईशपथ माहीत नव्हतं, असं मी किती वेळा म्हटलं कोण जाणे. ती ऐकत होती. विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. ठेवला असता तरी आता काय होणार होतं.

"डोंगर?" मी विचारलं.

"दिलंय. गेल्या सोमवारी सही केलंय."

इतकी वर्षं त्या घरात कसलाही कागद आला, बिल असो की तलाठ्याची नोटीस, तो माझ्या पुढच्या खेपेपर्यंत देव्हाऱ्यामागे ठेवलेला असायचा. बाय येतली, बाय वाचतली. मी हात पुढे केला. म्हटलं, "कागद दाखव. काय लिवलेला आसा ता तरी बगतंय. खंय फसवल्यानी आसात तर वकील बगूया."

"रवांदे गो," काकी म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. तिने तेलाची वाटी कडेला सरकवली आणि उठली, कारण शेडचा भोंगा झाला होता. "बांद्याक जावन एका परक्या माणसाकडसून वाचून घेतलंय."